ठणका थांबला, मग आता दाढ उघडायची कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ४४. दोन महिन्यांपूर्वी खालच्या डाव्या दाढेत असा ठणका लागला की तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून रूट कॅनल आणि वर कॅप सुचवली, शिवाय सगळे दात साफ करून घ्यायला सांगितलं. पत्रलेखिका गोळ्या घेऊन घरी आल्या आणि चौथ्या दिवशी दुखणं आपोआप थांबलं, ते आजवर परत नाही. ‘दुखत नाही तर दाढ उघडायची कशाला?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. थोरली बहीण म्हणते, रूट कॅनल म्हणजे दाताचा जीव काढणं, त्यापेक्षा दाढच काढून टाक, एक दाढ गेली तर काय बिघडतं? दात साफ केले की हलायला लागतात, असंही त्यांनी ऐकलं आहे. ब्रश करताना रक्त येतं म्हणून तेवढ्या भागात ब्रश फिरवणं त्यांनी बंद केलंय. आईचे दात पन्नाशीतच गेले, तेव्हा ‘आमच्या घराण्याचे दातच कमजोर’ अशी समजूत आहे. सात वर्षांच्या मुलीच्या मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसतो. दुधाची दाढ पडणारच, तोवर थांबावं असा विचार आहे. आणि शेवटी एक ओळ: ‘सहा वर्षांनी गेले होते. तपासताना डॉक्टर नुसतं हं म्हणाले तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं.’

दंतवैद्य लेखिकेचं उत्तर:

तुमच्या पत्रातल्या ‘आपोआप थांबलं’ या दोन शब्दांपाशी मी अडखळले. सुजलेला गाल हाताने धरून येणाऱ्या कितीतरी जणांच्या तोंडून मी हेच ऐकते: ‘मध्ये दोन-तीन महिने काहीच नव्हतं हो, एकदम छान होतं.’ ते खोटं बोलत नसतात. मधले महिने खरंच छान गेलेले असतात. फक्त दात बरा झाला म्हणून नव्हे.

दाताच्या आत काय चालतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचा निर्णय माझ्या शब्दावर घ्यावा लागणार नाही. बाहेरचं पांढरं आवरण, इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. त्याच्या आत त्याहून मऊ थर, आणि अगदी मधोमध एक बारीक पोकळी. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा असतात. आपण सगळे मिळून त्याला ‘नस’ म्हणतो. कीड आत सरकत त्या पोकळीशी पोचली की नस सुजते. पाय मुरगळला तर पायाला सुजायला जागा असते. इथे चारही बाजूंनी टणक भिंती. सूज बाहेर जाऊ शकत नाही, दाब वाढत जातो, आणि आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा जोर वाढतो म्हणून रात्री ठणका जास्त. तुमच्या त्या तीन रात्री अशा गेल्या असणार.

मग चौथ्या दिवशी काय झालं? बहुधा नस मेली. मेलेल्या नसेला दुखत नाही. पण पोकळीत आता रक्त पोचत नाही, म्हणजे शरीराचे शिपाई तिथे येऊ शकत नाहीत आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. ते मुळाच्या टोकातून हळूहळू हाडात उतरतात. अशा दाढेचा एक्स-रे पाहिला, तर मुळाच्या टोकाशी हाडात मण्याएवढी काळी सावली दिसते. काळं म्हणजे तिथलं हाड विरघळलेलं. कधी पू हिरडीतून वाट काढतो. आरशासमोर उभं राहून गाल बोटाने ओढून बघा: दाढेच्या खाली हिरडीवर पुटकुळीसारखं काही आहे का, जे येतं, फुटतं, खारट चव येते आणि जातं? असेल तर दुखत नाही याचं कारण तेच. झाकण उडालंय, म्हणून भांडं शांत आहे.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमचा एक्स-रे मी पाहिलेला नाही. थंड पाणी लागलं की दोन-चार सेकंद सणक जाते आणि विरते, एवढंच होत असेल तर नस वाचण्याजोगी असू शकते, आणि नुसतं सिमेंट भरून भागतं. पण काही न खाता-पिता आपोआप सुरू होणारा, रात्री उठवणारा, गरम लागल्यावर मिनिटंच्या मिनिटं रेंगाळणारा ठणका ही वेगळी गोष्ट आहे. दंतवैद्याकडे परत जाल तेव्हा दाढेला थंड लावून बघायला सांगा. शेजारच्या दातांना कळतं आणि या दाढेला काहीच कळत नाही, असं झालं तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच मिळेल.

आणि गोळ्यांबद्दल. वेदनाशामक गोळीने त्या रात्री निभावल्या, ठीकच केलंत. पण अँटिबायोटिकचा उरलेला पत्ता जपून ठेवून पुढच्या ठणक्याला घेण्याचा बेत असेल, तर तो सोडा. औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या दाताच्या आत रक्तच नसतं. आसपासची सूज तात्पुरती उतरते, मूळ जागचे जंतू तिथेच राहतात.

आता थोरल्या बहिणीचं म्हणणं. ते निम्मं बरोबर आहे, म्हणून झटकून टाकत नाही. रूट कॅनल झालेली दाढ आधीपेक्षा ठिसूळ असते, हे खरं. पण त्याचं मुख्य कारण नस काढणं नाही. किडीने आधीच पोखरलेला आणि आत जायला आम्ही कोरलेला भाग, ही खरी उणीव. म्हणून तर दाढेवर कॅप बसवतात. सगळा खटाटोप करून ‘आता दुखत नाही’ म्हणून कॅपला न येणारे आणि वर्षाने उभी चिरलेली दाढ घेऊन येणारे लोक मी पाहते, तेव्हा मला माझ्या कामाचंच वाईट वाटतं. उभी चिरली की मग काढण्याशिवाय गत्यंतर नाही. ‘जीव काढणं’ मात्र चुकीचं. माझा अंदाज बरोबर असेल तर नसेचा जीव त्या चौथ्या दिवशीच गेलाय. आणि दात नुसता नसेवर जगत नाही. मुळाभोवती हाडाला बांधून ठेवणारे तंतू जिवंतच राहतात, त्यांच्यामुळेच रूट कॅनल झालेल्या दाढेलाही चावताना खडा कळतो.

प्रत्यक्षात काय करतात? भूल देतात. दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, म्हणजे लाळ आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. वरून छोटं भोक पाडून बारीक कानशींनी मुळांच्या नळ्या घासतात, पुन्हा पुन्हा जंतुनाशक द्रावणाने धुतात. खालच्या दाढेत साधारण तीन नळ्या असतात, कधी चार. साफ झाल्या की गटापर्चा नावाचा, झाडाच्या चिकापासून मिळणारा रबरासारखा पदार्थ त्यात गच्च भरतात. एक ते तीन बैठका. पुढचे दोन-चार दिवस चावताना ठुसठुसतं. एवढंच.

इथे एक गोष्ट सांगते जी लोकांना उलटी वाटते. ऐन ठणक्यात, नस पेटलेली असताना, खालच्या दाढेला भूल नीट लागणं अवघड असतं. ‘मला रूट कॅनलला फार दुखलं’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळजण नेमके त्या अवस्थेत खुर्चीवर आलेले असतात. दाढ शांत आहे म्हणून तुम्ही थांबलात. माझ्या मते दाढ शांत आहे म्हणूनच आत्ता जावं.

दाढ काढण्याचा पर्याय मी मोडीत काढणार नाही. कीड हिरडीच्या खाली खोल गेली असेल, मूळ चिरलं असेल, आजूबाजूचं हाड इतकं झिजलं असेल की दाढ बोटाने डुलते, तर वाचवायचा हट्ट धरणारा डॉक्टर तुमचं भलं करत नाहीये. आणि ती अक्कलदाढ असेल तर खुशाल काढा. पण अक्कलदाढेच्या पुढची, मुख्य चावायची दाढ असेल तर ‘एक दाढ गेली तर काय’ याचं उत्तर हळूहळू मिळतं. मागची दाढ रिकाम्या जागेत कलते. वरची दाढ समोर कुणी नाही म्हणून खाली उतरत येते. मध्ये फटी पडतात, त्यात अन्न अडकतं, तिथे नवी कीड. काढलेल्या जागेचं हाडही आक्रसतं. मग ती जागा भरायची तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेल्या नकली दातासाठी, दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात, किंवा हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून इम्प्लांट करावा लागतो. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून ते तंत्र चांगलंच रुळलंय. पण हाड त्याला धरायला काही महिने जातात, आणि तो कितीही चांगला असला तरी तुमच्या स्वतःच्या मुळाची बदली आहे. तेव्हा तुलना करायची तर ‘रूट कॅनल आणि कॅप’ एका बाजूला आणि ‘काढणं आणि नंतर ती जागा भरणं’ दुसऱ्या बाजूला, खर्चही तसाच पूर्ण मांडून. नुसती काढायची फी आणि रूट कॅनलची फी शेजारी ठेवली की काढणं नेहमीच स्वस्त दिसतं.

हिरड्यांबद्दल मात्र मी जरा रागावणार आहे. रक्त येतं म्हणून ब्रश फिरवणं बंद, ही पत्रातली सर्वांत काळजीची ओळ आहे, दाढेपेक्षाही. १९६५मध्येच दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये एक साधा प्रयोग केला. हिरड्या निरोगी असलेल्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण थांबवलं. दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या अवधीत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा नीट घासायला लागल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येतं ते ब्रश लागल्याने नव्हे, तिथे साय, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचल्याने. मऊ ब्रश घ्या, केस हिरडी आणि दाताच्या सांध्याकडे तिरपे टेकवा आणि जागच्या जागी हलकं हलवा. पहिले काही दिवस रक्त जास्त दिसेल. घाबरू नका, थांबूही नका. दोन आठवड्यांनीही तसंच राहिलं तर तिथे ब्रशने न निघणारं काहीतरी आहे.

ते म्हणजे कीटण. साचलेल्या सायीत लाळेतले क्षार बसून ती दगडासारखी होते. याच कारणाने डॉक्टरांनी दात साफ करायला सांगितलंय. त्याने दात हलायला लागतात, हा समज कुठून आला ते मला नीट ठाऊक आहे, कारण साफ केल्यानंतर लोक खरंच तसं सांगतात. वर्षानुवर्षं कीटणाने दोन दातांमधली फट सिमेंटसारखी भरून काढलेली असते. आतून हाड आधीच झिजलेलं, दात आधीच सैल. कीटणाच्या त्या तटबंदीने ते कळत नव्हतं इतकंच. ती काढली की जीभ फटीत जाते, थंड झोंबतं, आणि दोष दात साफ करण्याच्या मशीनवर येतो. काही दिवसांत शिवशिवणं कमी होतं, सुजलेली हिरडी आवळून येते.

एक निरीक्षण. दुखणं थांबून दोन महिने झाले तरी तुम्ही अजून उजव्याच बाजूने चावता आहात ना? पत्रात लिहिलेलं नाही, पण पैज लावते. खुर्चीवर कुणी तोंड उघडलं की तो कोणत्या बाजूने जेवतो हे बहुधा दिसतं: न वापरलेल्या बाजूला दातांवर पिवळट थर जाड असतो. मीही एकदा आठ महिने असं एका बाजूने चावलंय, कारण स्वतःची दाढ सहकाऱ्याला दाखवायला मला वेळ नव्हता. दंतवैद्य असून. तेव्हा उपदेश करण्याचा माझा अधिकार जरा लंगडाच आहे.

आता घराण्याच्या कमजोर दातांचं. आईचे दात कसे गेले, हे कधी विचारलंय? किडून तुटत गेले, की न किडता एकेक हलून पडले? हे दोन वेगळे आजार आहेत. हलून पडले असतील तर तो हिरड्यांचा आणि हाडाचा विकार. त्यात अनुवंशाचा काही वाटा असतो, धूम्रपानाचा मोठा असतो, आणि मधुमेहाचा तर दुहेरी: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरणं कठीण जातं. आईला मधुमेह असेल तर तुमची रक्तातली साखर तपासून घ्या, दाताच्या निमित्ताने का होईना. आणि किडले असतील, तर वारसा बहुतांशी घरातल्या सवयींचा असतो.

‘कीड’ या शब्दानेच आपला घोटाळा केलाय. आत कुठलाही किडा नसतो. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात. सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) सुमारे साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. मग लाळ ते आम्ल शमवते, थोडे क्षार परत बसवते. याला अर्धा तास लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे दाताला जास्त महत्त्वाचं. १९४०च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या मतिमंद रुग्णांच्या संस्थेत हे तपासलं गेलं, जेवणाच्या मध्ये चिकट टॉफ्या देऊन, आणि ज्यांना होकार-नकार देता येत नव्हता अशा माणसांचे दात किडवून. ज्ञान उपयोगाचं मिळालं, मिळवण्याची रीत लाज वाटावी अशी होती. तुम्ही दिवसभरात पाच-सहा वेळा घोट-घोट गोड चहा घेत असाल, तर लाळेला उसंतच मिळत नाही. दोन वेळा काय प्यायचं ते प्या, मध्ये पाणी.

बाकी रोजचं काम थोडकं आहे. दोन वेळा, दोन मिनिटं, १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट. रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ जवळजवळ आटते. घासून झाल्यावर फेस थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. दोन दातांच्या मधली जागा ब्रशला पोचत नाही. तिथे फ्लॉस, फटी मोठ्या असतील तर बाटलीब्रशसारखा छोटा ब्रश. आंबट काही खाल्ल्यावर लगेच घासू नका.

मुलीचा ठिपका. दुधाची दाढ पडणारच, हे खरं, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. तोवर त्या जागा राखून ठेवतात. शिवाय आधी खात्री करा की ती दुधाचीच आहे. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. ती कुठलाही दात न पाडता गुपचूप येते, त्यामुळे आई-वडील तिला दुधाचीच समजतात. मोजून बघा: मधल्या दातापासून मागे जाताना सहावा दात असेल तर ती कायमची, आयुष्यभराची. ठिपका लहान असताना काम लहान असतं, कधी खाचा बुजवण्यावरच भागतं.

आणि ते ‘हं’. आम्ही एका वेळी एक दात बघत, मनात आकडे लावत असतो. तो हुंकार पुष्कळदा नुसता ‘पुढचा’ एवढ्याच अर्थाचा असतो. तरीही तुम्हाला लाज वाटली ती खरी आहे, आणि तुमच्यासारखी सहा-सहा वर्षं लांब राहणारी माणसं बहुतेक याच कारणाने राहतात. यावेळी खुर्चीवर बसण्याआधीच सांगा: ‘खूप वर्षांनी आलेय, भीती वाटते, ओरडू नका. मी डावा हात वर केला की थांबा.’ याला जो नाक मुरडेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जायचं कारण नाही. एक्स-रे स्वतः बघायला मागा. दाढेचा किती भाग शाबूत आहे, कॅपला आधार पुरेल का, आणि तीन महिने काहीच केलं नाही तर काय होईल, हे विचारा. उत्तर पटलं नाही तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्याचं मत घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणाची औषधं चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका.

जाईपर्यंत एवढं लक्षात ठेवा. गाल किंवा जबड्याखाली सूज आली, ताप भरला, तोंड पूर्ण उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड वाटू लागलं, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न बघता थेट इस्पितळात. दाढेतला पू मानेत उतरला तर काही तासांत जिवावर बेततं. आणि तोंडातली कुठलीही जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर दुखत नसला तरी दाखवा.

पहिली वेळ याच आठवड्यात घ्या, तपासणी आणि दात साफ करण्याची. मुलीलाही त्याच दिवशी बरोबर न्या, तिची दाढ मोजून होईल. रूट कॅनलच्या दिवशी मात्र तिला घरी ठेवा. तुमचा हात किती वेळा वर गेला, ते तिने मोजायला नको.